दत्तक नामंजूर : जन्म-मृत्यू विभागातील साहेबांस अनावृत पत्र

माननीय साहेब,

आमच्या अर्जावर आपण लाल शाईने जो शेरा मारलात, त्याबद्दल सर्वप्रथम आपलं अभिनंदन. 'अर्जदारास पूर्वीची एक मुलगी हयात आहे. सबब दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. लेखी खुलासा सादर करावा.' सही, शिक्का, खाली तारीख. दत्तक इतक्या थोडक्यात निकालात काढणं आजवर एकाच माणसाला जमलं होतं. लॉर्ड डलहौसी. 1848 साली त्यांनी साताऱ्याचं दत्तक नामंजूर केलं, पुढे झाशीचं. पण त्यांना निदान संस्थानं खालसा करायची होती. आमचं न्यू जर्सीतलं दोन बेडरूमचं घर खालसा करून आपल्याला काय मिळणार? ते आधीच बँकेकडे गहाण आहे.

शेरा निराधार आहे असं मी म्हणणार नाही. आधार आहे, फक्त तो भलत्याच कायद्याचा आहे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात अशी अट आहे खरी, की घरात मुलगा असेल तर मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगी दत्तक घेता येत नाही. पण आम्ही त्या दाराने आलोच नाही. आम्ही आलो 2015 च्या बाल न्याय कायद्याने, आणि त्यात ही अट नाही. त्याच्या आधीच्या बाल न्याय कायद्यातही घरात मुलगी असताना मुलगी घ्यायला मोकळीक होती. हे दोन कायदे एकमेकांना आडवे जातात का, हा प्रश्नही 2009 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे येऊन गेला. पोटची मुलगी असलेलं जोडपं होतं, त्यांना दुसरी मुलगी हवी होती. मिळाली. निराधार मुलांना घर मिळावं यासाठी केलेल्या कायद्याला जुन्या कायद्याची ती अट आड येत नाही, असा तो निकाल आहे. निकाल मुंबईचा आहे साहेब, न्यू जर्सीचा नाही. आपल्या कार्यालयात तो अजून इन्वर्ड झालेला दिसत नाही.

आपल्या टेबलापर्यंत आम्ही कसे पोचलो, तेही जरा ऐकून घ्या. आमचा गृहभेट अहवाल झाला. म्हणजे एक अनोळखी बाई घरी येऊन औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, धुराचा अलार्म वाजतो का आणि नवराबायको भांडलो की आधी कोण बोलतं, हे सगळं लिहून घेऊन गेल्या. दोन्ही देशांच्या पोलिसांनी आम्ही गुन्हेगार नाही असं लिहून दिलं. बोटांचे ठसे झाले, पगाराच्या पावत्या झाल्या, रक्त-लघवी झाली. दिल्लीच्या 'कारा'चं, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं, ना-हरकत प्रमाणपत्र आलं. आंतरदेशीय दत्तकासाठीचा जो हेग करार भारताने 2003 साली मान्य केला, त्यातला एकेक कागद इकडून तिकडे गेला. ज्या शहरात माझी बारावी झाली, तिथे माझ्या फायलीवर 'परदेशी पालक' असं लिहिलं गेलं. तेही सोसलं. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांनी दत्तक आदेश दिला. त्यात मुलीचं नाव आहे, जन्मतारीख आहे, आईबाप म्हणून आमची नावं आहेत. आपल्याला एवढंच करायचं होतं, की त्या आदेशातली नावं आणि तारीख जन्मदाखल्यावर उतरवायची. नियम सांगतो, अर्ज आल्यापासून पाच दिवसांत. नुसतं बघून उतरवायच्या कामात आपण न्यायनिवाडा केलात. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील चालवणारा कारकून मी प्रथमच पाहिला.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. सर्व्हर बंद होता, तो सगळीकडेच असतो. 'मुलगा का नाही घेतला?' असं आपल्या शिपायाने विचारलं, ते माझ्या सख्ख्या मावशीनेही विचारलं होतं, आणि तिला पेन्शन तरी आहे.

पण एक गोष्ट किरकोळ नाही.

गृहभेट अहवालाला आमच्या थोरलीची लेखी संमती जोडावी लागते. घरातलं मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्यालाही विचारा, असा नियम आहे, आणि आपल्या सगळ्या नियमांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. तिने संमतीपत्र पेन्सिलीने लिहिलं होतं. पेन लागेल म्हटल्यावर ते पुन्हा शाईने गिरवलं, आणि बहिणीला खिडकीजवळचा पलंग देईन, असं एक वाक्य आपल्या मनाने वाढवलं. ते वाक्य आजही फायलीत आहे. ती आमच्याबरोबर आपल्या काउंटरपाशी उभी होती. आपण चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलंत, पेन तिच्याकडे रोखलंत आणि म्हणालात, 'ही आहे ना तुम्हाला? मग ही असताना दुसरी कशी बसते कायद्यात?'

तिचा जन्म अमेरिकेत झाला म्हणून तिला मराठी कळत नसेल, असं आपल्याला वाटलं असावं. चांगलं कळतं. आजीने शिकवलंय. रात्री माझ्या भावाच्या घरी गाद्या घालताना तिने विचारलं, 'आई, माझ्यामुळे तिला देत नाहीयेत का?'

इथे माझी गंमत संपली, साहेब. एका लहान मुलीला आपण सांगितलंत की तू जन्माला आली आहेस हीच अडचण आहे. तेही जो कायदा या कामाला लागूच नाही, त्याच्या जोरावर. चूक लिहायला लाल शाई तरी लागते. बोलायला काहीच लागत नाही. आपल्याला मुली असतील तर त्यांच्यातल्या एकीला हे वाक्य म्हणून दाखवा. मग माझ्याकडे खुलासा मागा.

आणि धाकटी? संस्थेतून बाहेर पडल्यापासून ती प्रत्येक नव्या जागी एकच विचारते, 'इथे झोपायचंय?' भावाच्या घरी विचारलं, हॉटेलात विचारलं, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर विचारलं. आपल्या काउंटरखालीही विचारलं. आपल्यापर्यंत आवाज आला नाही, पंखा मोठा होता.

आपला दाखला नाही तर पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही तर दिल्लीच्या वकिलातीत व्हिसाचा अर्ज नाही. नवऱ्याची रजा संपून तो परत गेला. मी बिनपगारी इथे. थोरलीची शाळा तिकडे सुरू झाली आहे. हे सगळं एका शेऱ्यापायी.

आता खरं सांगायचं तर मी त्या काउंटरपाशी बराच वेळ उभी होते आणि बरंच पाहिलं. आपल्या टेबलावर तीन विभागांचे शिक्के होते, कारण दोन जागा भरलेल्याच नाहीत. मतदार यादीचं कामही आपल्याच गळ्यात. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आले होते, त्यांना तारीख आठवेना. आपण जुनी रजिस्टरं स्वतः खाली काढलीत, बोटाला रबराची टोपी लावून पानं उलटलीत, नोंद शोधलीत, आणि त्यांना बसायला आपली खुर्ची दिलीत. तेही मी पाहिलं. आपण दुष्ट नाही. आपण घाबरलेले आहात.

आणि घाबरायला कारणही आहे. मुलं परदेशी पाठवण्याच्या नावाखाली या देशात बाजार भरला होता. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाला लक्ष्मीकांत पांडे खटल्यात त्यासाठी नियम घालून द्यावे लागले, आणि त्यानंतरही पुण्यातल्या एका संस्थेची सीबीआय चौकशी झाली. असं काही उघडकीस आलं की मोठ्या सह्या सुटतात आणि दाखल्यावरची सही अडकते. आपण काही वाचलं नसेल, कुणी सांगितलं नसेल, नवा नियम आला की त्याची प्रत आपल्यापर्यंत येत नसेल. 'उगाच आपल्या अंगावर नको' म्हणून आपण खुलासा मागितलात. आपल्या जागी बसले असते तर मलाही तोच रस्ता सुचला असता. पण माणूस स्वतःची कातडी वाचवताना समोरच्या पोरीकडे पेन रोखत नाही, एवढं मात्र मी आपल्याला माफ करणार नाही.

लेखी खुलासा सोबत जोडला आहे. बाल न्याय कायद्याची प्रत, दत्तक नियमावलीतलं जन्मदाखल्याचं कलम पिवळ्या पेनाने खूण करून, उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आणि दत्तक आदेशाची आणखी एक साक्षांकित नक्कल. निकाल आपल्या विभागाच्या फायलीला लावून ठेवा, पुढच्या जोडप्याला उपयोगी पडेल.

पासपोर्टची वेळ पुढच्या सोमवारी आहे. शुक्रवारपर्यंत दाखला द्या. मी दोघींना घेऊन येईन. त्या दिवशी थोरलीशी दोन शब्द बोला, तिला सांगा की अडचण ती नव्हती, साहेबांनी जुना कायदा उघडला होता. हे तिला आपल्याच तोंडून ऐकायचं आहे.

आपली,
दोन मुलींची आई