झाडाला झाड म्हणायची सोय नाही

कास्पर डाविड फ्रीडरिख यांनी १८०८ साली ड्रेस्डेनमध्ये डोंगरमाथ्यावरचा क्रूस वेदीचित्र म्हणून रंगवला. मागे मावळतीचे किरण, भोवती सूचिपर्णी झाडं. चौकटीवर देवाचा डोळा, गव्हाच्या ओंब्या, द्राक्षवेल. म्हणजे इशारा पुरेसा होता. तरी समीक्षक रामडोर भडकले: निसर्गचित्रानं वेदीवर चढायचं म्हणजे काय? मग चित्रकारानंच खुलासा केला. खडक म्हणजे श्रद्धा, सदाहरित झाडं म्हणजे आशा. झालं! जाणकारांच्या हाती कोलीतच मिळालं. आता फ्रीडरिख यांच्या चित्रात धुकं नुसतं पडत नाही, होडी उगाच तरंगत नाही. हे वेदीचित्र पुढे टेचेनच्या वाड्यात गेलं आणि लागलं चक्क शयनगृहात. याचाही गूढार्थ जाणकारांनीच सांगावा.