चिमणीपाशी सेल्फी

मुंबईच्या गिरणगावच्या आठवणी निघाल्या की आधी गिरणीचा भोंगा वाजतो. मग लालबागचा नाका, भारतमाता टॉकीजचा नवा पिक्चर, पाळी सुटल्यावर रस्ताभर लोटलेली माणसं. ‘काय दिवस होते!’ म्हणणारा आता डोंबिवलीला असतो, आणि त्या भोंग्यावर उठायचा त्याचा बाप. हा गोधडीत कूस बदलायचा.

रस्त्याला एवढी जान का होती, हे मात्र कुणी विचारत नाही. खोली दहा बाय दहा. गाववाल्यांच्या गाळ्यात तर पथारीलाही पाळी होती. दिवसपाळीवाला वळकटी गुंडाळून उठला की रात्रपाळीवाला तिथेच आडवा. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. घरात बूड टेकायला जागा नाही म्हणून भजन, कॅरम, पोरांचा अभ्यास, युनियनची भांडणं सगळं बाहेर. टंचाई होती ती. आपण तिला संस्कृती म्हणून फोटोत बसवली. छातीत कापसाची धूळ घेऊन खोकणारे त्या फोटोत नसतात. खोकला फोटोत येत नाही.

१८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच आठवणी बरोबर १९८१ला थांबतात!

गिरण्या बंद पडल्या, मग त्यांच्या जमिनीचं निघालं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमात एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश घरांना, उरलेली मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली : वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारती उभ्या त्या जमिनीची नाही. गिरण्यांत रिकामी जमीन ती किती असणार? इतकं सफाईदार कापड इथल्या कुठल्याही साच्यावर निघालं नसेल.

फिनिक्स मिलची चिमणी मात्र मॉलमध्ये छान जपली आहे. धूर नाही, खोकला नाही, सेल्फीला उत्तम. चिमणीला लोअर परळमध्ये जागा मिळाली. तिच्याखाली राबलेल्यांना सरकारने घरं दाखवली शेलू आणि वांगणीला. म्हणजे बदलापूरच्याही पुढे.

घरासाठी अर्ज दीड लाखाहून जास्त. अर्जदार बरेचसे म्हातारे, नाहीतर त्यांचे वारस. पुरावा आणा म्हणतात : तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक. ते आणायला गिरणीच्या दारात जावं, तर तिथे आता पार्किंगचं तिकीट तेवढं मिळतं.