बटलर बाळगण्याचं शास्त्र
क्रूझवर वरचा वर्ग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी संक्षिप्त मार्गदर्शिका

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीला लोअर डेक, अप्पर डेक आणि केबिन असे वर्ग होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा लोअर डेकवर वळकटी पसरून, शेजाऱ्याच्या ओकारीपासून दोन हात लांब झोपून गाव गाठत. तेव्हा निवड सोपी होती, कारण पैसे नसत. आज पैसे आहेत, हप्त्यानंही मिळतात, म्हणूनच प्रश्न अवघड झाला आहे. आतली खोली घ्यावी, खिडकीची, बाल्कनीची, ‘कॉन्सिअर्ज क्लास’ची, की थेट बटलरसकट सुइट? प्रस्तुत मार्गदर्शिका हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीनं सोडवते. वाचकांनी पायऱ्या क्रमानंच चढाव्यात. लिफ्टला गर्दी असते.

पायरी पहिली : खोली ओळखणं

आतली खोली म्हणजे खिडकी नसलेली खोली. आकार साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फूट, त्यामुळे मुंबईकरानं तक्रार करण्याचं कारण नाही. दिवा घालवला की असा अंधार होतो की सकाळ झाल्याचं पोटाकडूनच कळतं. रॉयल कॅरिबियननं २०१४मध्ये ‘नेव्हिगेटर ऑफ द सीज’वरच्या काही आतल्या खोल्यांत भिंतभर पडदा बसवला आणि त्यावर बाहेरचा समुद्र थेट दाखवायला सुरुवात केली. समुद्रावर जाऊन समुद्र टीव्हीवर बघण्याची सोय आपल्या स्वभावाला मानवणारी आहे.

खिडकीची खोली घेताना ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ हे शब्द शोधा. भाडं स्वस्त दिसतं, कारण खिडकीसमोर जीवरक्षक नाव टांगलेली असते. समुद्र दिसत नाही. पण ज्यांना बोट बुडण्याची धास्ती वाटते त्यांना एवढा दिलासा देणारा देखावा दुसरा नाही.

बाल्कनीचे दोन प्रकार. बाहेर उघडणारी आणि आत उघडणारी. २००९च्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’पासून काही मोठ्या बोटींच्या मधोमध खरी झाडं लावलेला बाग असतो आणि काही बाल्कन्या त्या बागेकडे तोंड करून असतात. समोर पुन्हा बाल्कन्याच. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून समोरच्यांकडे आज काय शिजतंय ते बघण्याचं सुख इथं डॉलर मोजून मिळतं. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या ‘एम्प्रेस’वर मात्र हा घोळ नाही. ही बोट १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावानं सेवेत आली. बाल्कनी तेव्हा चैन समजली जाई, त्यामुळे तिच्यावर खोल्या मुख्यतः आतल्या किंवा खिडकीच्या, बाल्कन्या मोजक्याच.

पायरी दुसरी : उंची ठरवणं

महागडे सुइट सहसा वरच्या मजल्यांवर असतात, कारण तिथून दृश्य चांगलं दिसतं. बोट सर्वात जास्त झुलते तीही तिथंच. मध्यभागी आणि खाली हेलकावे कमी, वर आणि दोन्ही टोकांना जास्त. म्हणजे ज्यानं सगळ्यात कमी पैसे भरले तो खालच्या आतल्या खोलीत शांत घोरत असतो आणि ज्यानं सगळ्यात जास्त भरले तो रेशमी चादर मुठीत धरून देवाचं नाव घेत असतो. २०२०मध्ये सेवेत आलेल्या ‘सेव्हन सीज स्प्लेंडर’ या बोटीच्या सर्वात महागड्या सुइटमध्ये हेस्टेन्स या स्वीडिश कंपनीचा दोन लाख डॉलरचा पलंग आहे. सुइट अगदी वर, पुढच्या टोकाला. एवढ्या किमतीच्या पलंगाला धरून बसण्याची संधी आयुष्यात वारंवार येत नाही.

आवाजाचंही शास्त्र आहे. पोहण्याच्या तलावाखालच्या खोलीत पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, नाचघरावरच्या खोलीत उत्तररात्रीपर्यंत ढोल, आणि अगदी पुढच्या टोकाला नांगराची साखळी. उपाय एकच. बोटीचा नकाशा उघडा आणि आपल्या खोलीच्या वर व खाली काय आहे ते पाहा. वरही खोल्या, खालीही खोल्या, असं मधलं ठिकाण उत्तम. ‘गॅरंटी’ भाडं घेणाऱ्यांना हा अभ्यास माफ आहे. त्यांना खोलीचा प्रकार मिळतो, जागा कंपनी ठरवते.

पायरी तिसरी : विशेषण आणि दार

इथं बहुतेक लोक पाय घसरून पडतात. सेलिब्रिटी क्रूझेसच्या ‘कॉन्सिअर्ज क्लास’मध्ये खोली बहुधा नेहमीच्या बाल्कनीच्या खोलीएवढीच असते. जादा मिळतं ते असं : बोटीवर चढताना प्राधान्य, स्वागताची फेसाळ वाइन, उशांची यादी आणि ‘कॉन्सिअर्ज’ म्हणवणाऱ्या मदतनिसाचं टेबल. उशांची यादी हाती आल्यावर गोंधळून जाऊ नये. घरी एकाच उशीवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसानं पहिल्या रात्री सगळे प्रकार मागवावेत आणि दुसऱ्या रात्री पहिलीच परत मागावी.

त्याच कंपनीच्या ‘अ‍ॅक्वाक्लास’मध्ये ‘ब्लू’ नावाचं स्वतंत्र उपाहारगृह मिळतं. त्याच्याही वर सुइटवाल्यांची ‘द रिट्रीट’. एमएससीनं २००८मध्ये ‘फँटासिया’ बोटीपासून ‘यॉट क्लब’ सुरू केला, नॉर्वेजियनचं ‘द हेवन’ आहे, ‘जेंटिंग ड्रीम’वर ‘द पॅलेस’ आहे. या ठिकाणी बोटीच्या आत दुसरी छोटी बोट असते. तिचं जेवणघर वेगळं, ऊन खाण्याचा डेक वेगळा आणि दार तुमच्याच कार्डानं उघडतं.

नियम लक्षात ठेवा. दारासाठी पैसे द्यावेत, विशेषणासाठी देऊ नयेत. फळांची परडी, फुलं, कागदी पिशवीवर छापलेलं तुमचं आडनाव ही विशेषणं झाली. हजारो लोकांच्या बोटीवर जिथं दोनशेच माणसं जेवायला येतात ते दार. ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात हजारांवर प्रवासी मावतात, तिथं बंद दाराची किंमत कळते. लहान बोटीवर सगळीच दारं ओळखीची होतात, तिथं नाही.

पायरी चौथी : बटलर बाळगणं

ही सर्वात अवघड पायरी. बटलर बाळगायला पैशांपेक्षा सराव लागतो आणि मराठी मध्यमवर्गीय घरात तो मिळत नाही. आपल्याकडे कामाच्या मावशी यायच्या आधी घर आवरून ठेवण्याची पद्धत आहे. तीच सवय बोटीवर उफाळून येते. बटलर सकाळी दारात उभा राहतो तेव्हा पलंगपोस ताणून घातलेला असतो, टॉवेल वाळत असतात, कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराशी असते. तो अदबीनं विचारतो, आणखी काही सेवा? आपण म्हणतो, नाही नाही, तुम्ही बसा ना.

नवशिक्यांसाठी सूचना :

(अ) बटलर बॅगा उघडून कपडे कपाटात लावून देण्याची तयारी दाखवेल. होकार देण्यापूर्वी बॅगेत काय आहे ते आठवा. मेतकुटाची पुडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला, आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली कपडे वाळत घालायची दोरी. इस्त्री आणि विजेची किटली बॅगेत नसेल, कारण बहुतेक कंपन्यांचे सुरक्षारक्षक ती चढतानाच काढून ठेवतात. घरी शिजवलेलं अन्नही अनेक बोटींवर चालत नाही. बंद पाकिटातला चिवडा बहुधा सुटतो.

(आ) आलं घालून उकळलेला चहा मागायला संकोच करू नये. पहिल्या दिवशी गरम पाणी आणि टी-बॅग येईल. दुसऱ्या दिवशी समजावून सांगा. तिसऱ्या दिवशी न मागता योग्य रंगाचा चहा आला, तर पैसे वसूल झाले असं मानावं. दोन रात्रींच्या सफरीत तिसरा दिवस उतरण्याच्या धावपळीत जातो, हेही हिशेबात धरावं.

(इ) बटलरला ‘अहो’ अशी हाक मारू नये. नवराच ओ देतो.

(ई) छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. भारत दिसला तर गाव विचारा, गोवा निघण्याची शक्यता चांगली आहे. गोव्यातल्या किती तरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरची नोकरी आहे, तिथं अशा माणसाला तारवटी म्हणतात. बांगड्याच्या भावावर दोन मिनिटं बोलणं झालं की पुढचं सारं आपोआप होतं. नाश्त्याला रांग किती वाजता ओसरते, वारा डेकच्या कोणत्या बाजूला आहे, वरण-भातासारखं काही कुठं मिळतं, हे कळू लागतं. हा वर्ग दरपत्रकात नाही. आतल्या खोलीचं अंथरूण घालणाऱ्या स्टुअर्डच्या छातीवरही असाच बिल्ला असतो.

पायरी पाचवी : कॉन्सिअर्जला काय विचारावं

कॉन्सिअर्जच्या टेबलाशी जाऊन ‘इथं बघण्यासारखं काय आहे’ विचारू नये. तो तुम्हाला महागडी सहल दाखवेल. त्याचा खरा उपयोग तीन वेळा. सँटोरिनीसारख्या ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर जावं लागतं, तेव्हा होडीचं पहिलं तिकीट. भरलेल्या उपाहारगृहात टेबल. आणि शेवटच्या सकाळी उतरण्याचा क्रम. ही तिन्ही कामं म्हणजे रांग मोडणं. आपल्याकडे हे काम ओळखीनं होतं, तिथं पावतीनं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र हसू नये. त्यांच्यासाठी हा वर्ग चैन नाही, औषध आहे.

पायरी सहावी : बोली लावणं

पूर्ण पैसे न भरता वर चढण्याचाही मार्ग आहे. सफर जवळ आली की अनेक कंपन्या रिकाम्या सुइटसाठी बोली मागवणारा ईमेल पाठवतात. पडद्यावर एक काटा असतो. रक्कम वाढवली की तो ‘कमजोर’कडून ‘भक्कम’कडे सरकतो. काट्याकडे बघू नका. तो तुमची शक्यता सांगत नाही, तुमचा अहंकार मोजतो. बोली माणशी असते हे रात्री साडेअकराला लक्षात राहत नाही, आणि ती स्वीकारली गेली की पैसे परत नाहीत. सुइटवाल्यांकडून रोजची टीपही अनेक कंपन्या जास्त कापतात. एकटे जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. दर दोघांच्या हिशेबानं असतात, त्यामुळे अनेकदा न आलेल्या जोडीदाराचंही जवळजवळ पूर्ण भाडं भरावं लागतं.

पायरी सातवी : समतेला सामोरं जाणं

काही प्रसंगी तुमचा वर्ग चालत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ जण दगावले. चिविताव्हेकियाला चढलेल्या प्रवाशांचा संकटकाळचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले. आता बोट सुटण्यापूर्वीच सराव उरकतात आणि सुइटवाल्यालाही तो चुकत नाही. जीवरक्षक जॅकेटला कॉन्सिअर्ज क्लास नाही.

उलट टोकाला ‘क्वीन मेरी २’. तिथं खोलीवरून जेवणघर ठरतं : ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल, क्वीन्स ग्रिल. आणि कुत्र्यांसाठी वेगळी खोल्यांची रांग, त्यांची काळजी घेणारा माणूस, शिवाय पाय वर करण्यासाठी ब्रिटिश दिव्याचा खांब आणि अमेरिकी पद्धतीचा आग विझवण्याचा नळ. देशोदेशीच्या कुत्र्यांना आपापल्या सवयीचं वाटावं म्हणून. एवढी वैयक्तिक सेवा अजून माणसांच्या कोणत्याही वर्गात मिळत नाही.

पायरी आठवी : भागाकार

आता निर्णय. दोन खोल्यांच्या माणशी भाड्यातला फरक घ्या, दोनानं गुणा, रात्रींनी भागा. समजा फरक माणशी चाळीस हजार आणि सफर चार रात्रींची. दर रात्री वीस हजार झाले. रोज रात्री नऊ वाजता दारावर टकटक होऊन अदबशीर माणूस ट्रेमध्ये वीस हजारांचं बिल घेऊन उभा आहे, अशी कल्पना करा. आजची बाल्कनी, आजचं शांत जेवण, आज न धरलेल्या रांगा. तुम्ही हसत सही केली असती तर घ्या. अलास्कातल्या हिमनद्या किंवा नॉर्वेतल्या फियॉर्डमध्ये दिवसभर बाल्कनीत बसणारा माणूस सही करतो, आणि त्याचं बरोबर असतं. बिल उलटं करून मागची बाजू बघितली असती, तर आतली खोली घ्या, आणि उरलेल्या पैशात पुढच्या वर्षी पुन्हा जा.

काहीच ठरत नसेल, तर ती रक्कम वर्षभराच्या मुदत ठेवीत टाका. ठेव पुरी होईपर्यंत कंपन्यांनी सुइटच्याही वरचा एखादा वर्ग काढलेला असेल, आणि या मार्गदर्शिकेची सुधारून वाढवलेली आवृत्ती बाजारात असेल.