बरोबरचा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कर्जतच्या एसटी स्टँडवर जोडीनं उभी असलेली पोरं दिसू लागतात. त्यातल्या एकाला कॉलेजात प्रवेश घ्यायचा असतो. दुसरा त्याच्या बरोबरचा. पहिला ओळखायला सोपा. चेहरा उतरलेला, खिशात सेतू केंद्राच्या पावत्या, आणि नॉन-क्रिमीलेयर एवढं कानावर पडलं तरी दचकणारा. बरोबरचा मात्र नवरदेवाच्या मित्रासारखा ताजातवाना. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गोदड महाराजांच्या देवळातला बुक्का आणि बगलेत पहिल्याची फाईल. फाईल नेहमी बरोबरच्याकडंच. "तुझ्याकडं दिली तर एसटीत विसरशील," असं तो म्हणतो आणि पहिल्याला ते पटतं. त्या दिवसांत त्याला काहीही पटतं.

बरोबरच्याला स्वतःला कुठंच जायचं नसतं. तो इथल्या दादा पाटील महाविद्यालयात बी.ए.ला असतो. रयत शिक्षण संस्थेनं १९६४ साली काढलेल्या या कॉलेजात त्याचे चुलते शिकले, आत्या शिकली, थोरला भाऊ शिकला. त्यामुळं प्रवेश ही घाबरायची गोष्ट असते, हे त्याच्या गावीच नाही. त्याची नेमणूक पोराची आई करते. बाप म्हणतो, "या आठवड्यात लाईट दिवसाची आहे, मला रानात थांबावं लागंल. अन् मला काय कळतंय त्यातलं?" मग आई दारातूनच हाक मारते, "तू जा रे बाबा याच्याबरोबर. राहायची-जेवायची सोय बघ. हा लाजतो." करार तोंडीच होतो. तिकीट, नाष्टा आणि चहा पहिल्याचा, बोलणं बरोबरच्याचं. प्रवेश मुलीचा असला तर मामा नाहीतर चुलता जातो, आणि बरोबरच्याला फक्त फोनवरून मार्गदर्शन करायची मुभा मिळते. तेही तो तासभर करतो.

माझ्या भाच्याला कृषी अभियांत्रिकीला जायचं होतं, तेव्हा या माणसाचं काम जवळून बघायला मिळालं. मी मामा म्हणून सोबत गेलो होतो. दोघांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि राहुरीपर्यंत काही विचारलं नाही.

त्याआधी घरी एक बैठक झाली होती. शेजारी जामखेड तालुक्यात हाळगावला कृषी महाविद्यालय आहे, तिथं बी.एस्सी. ॲग्री कर, असं भाच्याच्या आजोबांचं म्हणणं. बरोबरच्यानं ते उडवून लावलं. "आजोबा, तिथं सकाळी गेलं की दुपारी जेवायला घरी. त्याला कॉलेज बघणं म्हणत नाहीत." अभियांत्रिकी राहुरीलाच आहे, अण्णासाहेब शिंद्यांच्या नावाचं कॉलेज आहे, हे खरं कारण भाच्यानं हळूच सांगितलं. तोवर आजोबा पहिल्याच कारणानं गार झाले होते.

मिरजगाव गेलं, माळीवाड्याला उतरलो, तारकपूरला दुसरी गाडी धरली. नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांत आमची डोकी टपाला लागत होती आणि बरोबरचा फाईल छातीशी धरून महात्मा फुले कृषी विद्यापीठाची माहिती सांगत होता. "राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ. १९६८चं. अकोला १९६९, परभणी अन् दापोली १९७२. आपल्या जिल्ह्यानं विदर्भाला एका वर्षानं मागं टाकलंय, मामा." वर्षं बरोबर होती. ही शर्यत कुणी लावली होती, ते मी विचारलं नाही.

कॉलेज बघायचे बरोबरच्याचे निकष ठरलेले आहेत. पहिला निकष अंतराचा. गेटपासून ऑफिसपर्यंत चालून घाम आला पाहिजे. गेटात पाय ठेवताच ऑफिस आलं तर ती संस्था हलकी. दुसरा झाडांचा. झाडं जुनी असली तर मास्तर टिकून आहेत असं समजायचं. तिसरा निकष कुत्र्यांचा, आणि हा त्याचा स्वतःचा शोध. मेसच्या मागं जाऊन तो कुत्री बघतो. "कुत्री गुबगुबीत असली म्हणजे पोरं ताटात टाकत्यात. मेस बेकार. कुत्री बारीक असली की निवांत प्रवेश घ्यायचा." राहुरीची कुत्री त्याला मध्यम वाटली. भाचा मात्र मघापासून कट-ऑफच्या काळजीत होता आणि त्याला कुत्रं दाखवूनही दिसत नव्हतं.

गेटवरच्या रखवालदाराला त्यानं "काका" म्हणून हाक मारली आणि पावसाची चौकशी केली. आम्हाला कुठं जायचंय ते काकांनीच विचारलं. ऑफिसात गेल्यावर भाच्यानं खिडकीशी उभं राहून तोंड उघडलं, मिटलं, आणि बरोबरचा पुढं सरकला.

"कुठून आलात?"

"कर्जत."

"कर्जत म्हणजे भाताचं संशोधन केंद्र आहे, तेच ना?"

हा घाव आम्हा सगळ्यांना जुना. ते रायगडचं कर्जत. दापोलीच्या विद्यापीठाचं केंद्र तिथं आहे आणि कर्जत हे नाव लावलेले भाताचे वाण राज्यभर गेलेत. आमच्या गावाचं नाव शेतीत गाजलं ते असं, परक्या पिकावर.

"ते रेल्वेचं कर्जत, साहेब. आमचं ज्वारीचं. काळविटांचं अभयारण्य हाय रेहेकुरीला, ते. आमच्यात भात लग्नात शिजतो."

साहेब हसले. मग बरोबरच्यानं जे प्रश्न विचारले, ते भाच्याच्या मनात महिनाभर अडकून बसले असणार. होस्टेल पहिल्या वर्षाला मिळतं का? मेसचा खर्च किती? सातबारा आजोबांच्या नावावर आहे, अजून वाटण्या नाहीत, तर शेतकऱ्याच्या मुलाचे जादा गुण मिळतील का? गणित कच्चं असलेला पोरगा इथं तरतो का? शेवटच्या प्रश्नाला भाच्यानं त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं तो पाय बाजूला केला आणि प्रश्न पुन्हा विचारला. साहेबांनी सगळ्याची उत्तरं दिली. एक कागदही दिला.

काम झालं, पण बरोबरच्याचं झालं नव्हतं. त्याला २६५ उसावर बोलायचं होतं. कुकडीच्या पाण्यावर त्याच्या चुलत्याचा हाच ऊस उभा, त्यामुळं विद्यापीठ हे आपलं नात्यातलं घर, अशी त्याची समजूत. पॅसेजमध्ये भेटलेल्या एका प्राध्यापकांना त्यानं थांबवलं आणि तुमचा ऊस आडसालीला उत्तम पण साखर उशिरा भरते, असं सुनावलं. "तो पाडेगावच्या केंद्रातला," प्राध्यापक म्हणाले. "विद्यापीठ तुमचंच ना?" बरोबरचा म्हणाला. प्राध्यापकांना हे मान्य करावं लागलं.

तिथून तो आम्हाला बियाणं विक्रीकडं घेऊन गेला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत पोळा उलटून गेला होता, ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "रान कसलं?" "हलकं. वीतभर गेलं की मुरूम." "मग फुले अनुराधा न्या. रेवतीला भारी रान लागतं, पाणी लागतं." बरोबरच्यानं पिशवी उघडून दाणा तळहातावर घेतला, उन्हात धरला, एक दाताखाली फोडला आणि मान हलवली. एवढ्या दिवसात तो पहिल्यांदाच गप्प झाला होता. मग म्हणाला, "मामा, दोनशे रुपये सुट्टे आहेत का?"

असाच तो पूर्वी कुणाला तरी एम.एस्सी.साठी पुण्याला घेऊन गेला होता. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाची ४११ एकरांची जागा त्याला एकदम पसंत पडली. त्याचा पहिला निकष तिथं घामाघूम होऊन सिद्ध झाला. मुख्य इमारत एके काळी गव्हर्नरचा बंगला होती. २२ जून १८९७ च्या रात्री तिथला राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली. हे त्यानं इतकं रंगवून सांगितलं की ऐकणारी आणखी चार पोरं जमली. तेवढ्यात पात्रता प्रमाणपत्राची खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. बरोबरचा पुन्हा बरोबर होताच.

घरोघरी त्याला शिव्याही पडतात. वेळ घालवतो, पैसे खर्चायला लावतो, नको तिथं तोंड घालतो. सगळं खरं आहे. पण ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी विद्यापीठाची पायरी चढतं, तिथल्या पोराचा आवाज खिडकीसमोर फुटत नाही. आपण काहीतरी चुकीचं विचारू, समोरचा हसेल, आणि तेवढ्यावरून प्रवेश जाईल, असं त्याला वाटत असतं. बरोबरच्याला यातलं काहीच गमवायचं नसतं. नकार मिळाला तरी तो दुसऱ्याचा. म्हणून तो गेटातून आत शिरतो ते घरच्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग पहिलाही शिरतो. पालकांची ओळख, नेत्याची चिठ्ठी, पुण्यातला क्लास यातलं काही नसलेल्या पोरांना हा एवढाच आधार असतो, आणि तो तिकिटावर मिळतो.

भाच्याचा नंबर राहुरीला लागला. होस्टेलवर सोडायलाही हाच गेला. तिथल्या पद्धतीप्रमाणं एका नव्या पोरानं त्याला सीनियर समजून मान खाली घातली आणि "गुड मॉर्निंग सर" म्हटलं. त्यानं ते स्वीकारलं आणि त्या पोराला मेसबद्दल चार गोष्टी सांगितल्या. अनुराधाही चांगली उतरली असं त्याच्या चुलत्याकडून कळलं.

परवा स्टँडसमोरच्या हॉटेलात तो भेटला. बगलेत कुणाची तरी नवी फाईल. मी म्हटलं, "एवढी कॉलेजं पालथी घातलीस, तूच का नाही कुठं बाहेर प्रवेश घेतलास?"

"अन् या पोरांना कोण नेणार, मामा? तुम्ही?"

मी राहुरीच्या एसटीतली मागची सीट आठवली आणि गप्प बसलो. त्यानं चहा संपवला, फाईल उचलली आणि हॉटेलवाल्याला माझ्याकडं बोट दाखवून गाडी धरायला पळाला.