पिसूबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती पिसूबाई,
हल्ली मुक्काम: सोफ्याची शिवण, पलंगाखालची सतरंजी, बोक्याची पाठ

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण या घरात राहायला आलात हे घरच्यांना एकदाचं कळलं आहे. उशीर झाला, त्याबद्दल त्यांना समजून घ्यावं. बोका खाजवू लागला तेव्हा उकाड्यावर खापर फुटलं. धाकटीच्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या, तेव्हा डासांची कॉइल लागली. शेवटी शेजारच्या आजींनी बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी फणी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. माती असती तर असा डाग पडला नसता. ते पचलेलं रक्त होतं, म्हणजे आपली विष्ठा. आपली हजेरी अशी कागदोपत्री लागली.

आपल्या खानदानाबद्दल आदर आहेच. शास्त्रज्ञ आपल्याला ‘टेनोसेफॅलायडिस फेलिस’ म्हणतात, म्हणजे मांजराची पिसू. पण मांजरापुरतं राहण्याइतक्या आपण कोत्या मनाच्या नाही. जगभरातल्या घरगुती कुत्र्यांवरही बहुधा आपणच सापडता. कुत्र्याची खरी पिसू वेगळी. तिची उडी आपल्याहून उंच जाते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी मोजून सिद्ध केलं आणि त्याबद्दल त्यांना 2008 साली इग नोबेल मिळालं. उडीत हरलात खऱ्या, पण घरं आपल्याच ताब्यात राहिली.

आपली खरी करामत गृहव्यवस्थेत आहे. अंगावर चढल्यावर काही मिनिटांत आपण रक्त प्यायला लागता, दीड दिवसाच्या आत अंडी घालू लागता आणि रंगात आलात की दिवसाला चाळीस-पन्नास घालता. ती चिकट नसतात, म्हणून बोका जिथे झोपेल, अंग झटकेल, उडी मारेल तिथे गळतात. त्यातून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही. त्या सतरंजीच्या वळ्यांत, गादीखाली, फरशीच्या सांध्यांत शिरतात. त्यांच्या जेवणाचीही सोय आपण केलेली असते: वरून पडणारे तेच वाळल्या रक्ताचे कण. ढोबळ हिशेबाने आपल्या कुटुंबातले शंभरातले पाचच जण बोक्याच्या अंगावर असतात. उरलेले पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरभर पसरलेले असतात.

आणि घरची मंडळी पाचांच्याच मागे लागतात. बोक्याला बादलीत बुचकळतात, शाम्पू चोळतात, ओरबाडे सोसतात आणि संध्याकाळी त्याला त्याच सतरंजीवर पुसून काढतात.

कोषाबद्दल तर आपली पाठ थोपटायला हवी. अळी आपल्याभोवती चिकट रेशीम विणते, त्यावर धूळ बसते, आणि फवारलेलं औषध आत फारसं पोहोचत नाही. आतली पिसू तयार होऊनही महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. म्हणून मे महिन्यात कोकणात गेलेलं कुटुंब परत येऊन कुलूप उघडतं आणि बॅगा ठेवेस्तोवर पोटऱ्यांवर पिसवा उड्या मारतात. ‘घर बंद होतं, मग या आल्या कुठून?’ अशी चर्चा होते. आल्या नव्हत्या, वाट पाहत होत्या.

आपल्या एका चुलत घराण्याचा उल्लेख टाळता येत नाही. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबांचे सोजीर घराघरांत घुसले, सामान बाहेर काढलं, माणसं विलग छावण्यांत नेली. उंदरावरच्या पिसवा तेव्हा गुन्हेगारांच्या यादीत नव्हत्या. उंदराकडून उंदराकडे प्लेग पिसू नेते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि त्यावरही बरीच वर्षं विश्वास बसला नाही. त्या पापात आपला वाटा नगण्य, हे मान्य. पण पिसू सोडून भलतीकडेच धावण्याची माणसांची सवय जुनी आहे, एवढं यातून दिसतं.

भलतीकडे म्हणजे किती? कुणी बोक्याला लसूण चारतं. लसणाने आणि कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कुणी फिनेलच्या पाण्याने पुसतं. मांजर स्वतःला चाटून ते पोटात घेतं. टी-ट्री तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी मांजराला विषारीच. सगळ्यात वाईट चूक म्हणजे कुत्र्याच्या मानेवर घालायचं, पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावणं. मांजराच्या यकृताला ते नीट निपटता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. आपण मात्र सोफ्यात सुखरूप असता.

तेव्हा आता घरमालकांनी ठरवलेली नोटीस अशी: पशुवैद्यांना विचारून घरातल्या प्रत्येक जनावराला त्याच्या जातीचं आणि वजनाचं औषध एकाच दिवशी, आणि ते पुढचे तीन महिने तरी न चुकवता. अंथरुणं, कव्हरं, पायपुसणी साठ अंश गरम पाण्यात. व्हॅक्यूम रोज, सोफ्याच्या फटींसकट, आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर. त्याच्या हादऱ्याने कोषातली मंडळी बाहेर येतात, ते हवंच आहे. गाद्या कडक उन्हात, कारण कोरड्या हवेत आपली अंडी-अळ्या टिकत नाहीत. (आषाढात ऊन मिळत नाही, दमट हवा आपल्याला मानवते, हे आपण हेरलेलंच दिसतं.) फवारणी करायचीच झाली तर अळीला मोठं होऊ न देणारं मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन त्यात आहे का, हे पाहून, आणि औषध वाळेपर्यंत बोका व धाकटी दोघंही बाहेर. पहिले काही आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतील. त्या पाहून ‘औषध खोटं’ म्हणत उपचार सोडायचा नाही, असं घरात ठरलं आहे.

गालिचा नाही, शहाबादी फरशी आहे, त्यामुळे आपल्याला इथे तशी अडचणच होती. जिन्यातल्या भटक्या मांजरांवर सोसायटीने ठराव केला आहे; त्यांनाही औषध घालायचं की नुसतं हाकलायचं, यावर पुढच्या सभेत भांडण होईल.

कळावे. लोभ आटोपता घ्यावा.

आपला रक्तदाता,
घरमालक (बोक्यातर्फे)

ता. क. बोक्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी वळवळताना दिसलं. चाटता चाटता त्याने आपल्यापैकी कुणाला तरी गिळलं असणार, आणि आपल्या पोटातला पट्टकृमी त्याच्या पोटात गेला. जंताचं औषध आजच आणलं आहे. पण आपण इथे असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा आणावं लागेल, असं पशुवैद्यांनी बजावलं आहे.