विश्वासू पत्त्यांच्या राखणदारास

श्री. नेटवर्क ॲडमिन साहेब,
मुख्य कार्यालय, मुंबई.

स. न. वि. वि.

ऑफिसच्या चॅट-कॉलच्या ॲपसाठी आपण ‘विश्वासू आयपी पत्त्यां’ची यादी केलीत, अभिनंदन! परवा कर्जतला पावसात लाइट गेले, मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलो आणि क्लायंट बोलत असतानाच ॲपनं मला बाहेर काढलं. पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, लॅपटॉप कंपनीचाच. पत्ता तेवढा परका.

आपण म्हणालात, “घरचा आयपी पाठवा, टाकतो यादीत.” टाकलात. रात्री पुन्हा लाइट गेले, राउटर नव्यानं सुरू झाला, आयपी बदलला. मग आपण लॅपटॉपवर दिसणारा 192.168.1.5 यादीत घातलात. अहो, तो घरातल्या घरातला आकडा! नेरळपासून न्यूयॉर्कपर्यंत घरोघरी सापडेल, पण राउटर ओलांडून आपल्या सर्व्हरपर्यंत कधीच पोचणार नाही.

मोबाइलची गंमत आणखी वेगळी. आयपीव्ही4चे पत्ते एकूण सुमारे 429 कोटी; त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011मध्येच वाटून संपला. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. मला विश्वासू ठरवलंत, तर खोपोलीतला एखादा भामटाही फुकटात विश्वासू! आणि ऑफिसच्या लॉबीतलं पाहुण्यांचं वायफाय ऑफिसच्याच विश्वासू आयपीवरून बाहेर पडतं. चहा प्यायला आलेला माणूस आपला, आणि इतकी वर्षं राबणारा मी संशयित? क्लायंटसमोर माझी शोभा झाली, साहेब. राग येणार नाही तर काय?

“स्टॅटिक आयपी घ्या” म्हणालात. पैसे कोण देणार, यावर मौन. “नाहीतर ऑफिसला या.” लोकलनं शंभर किलोमीटर, एका चॅटला उत्तर द्यायला! पुण्याच्या गाड्या घाटावर ढकलायला कर्जतची बँकर इंजिनं चालतात, कर्जतचा माणूस मात्र चालत नाही.

तरी एक कबूल करतो. यादी ऑडिटवाल्यांना हवी, सही वरिष्ठांची आणि रात्री-अपरात्री शिव्या मात्र आपल्याला. त्या रात्री आपण माझा फोन साध्या मोबाइलवर घेतलात, कारण बदलापूरच्या आपल्या घराचा पत्ताही यादीत नव्हता!

तेव्हा दोघं मिळून वर लिहू: पत्त्यावरून माणूस ओळखणं थांबवा, कंपनीच्या लॅपटॉपचं सर्टिफिकेट तपासा, नाहीतर सगळ्यांना व्हीपीएन द्या. मसुदा मी करतो. पाठवा मात्र आपण, तेही ऑफिसात बसून.

कळावे, लोभ यादीबाहेरही असावा.

आपला,
कर्जतचा एक अविश्वासू