कोर्टवाले अण्णा

पहाटेची एसटी, खिडकीजवळची जागा आणि मांडीवर मेणकापडात गुंडाळलेलं दप्तर. तारखेला निघालेला माणूस लांबूनही ओळखू येतो. कोकणात वाडीगणिक असा एक असतोच. आमच्याकडच्याला सगळे कोर्टवाले अण्णा म्हणतात.

दावा साडेअकरा गुंठ्यांतल्या हिश्श्याचा. त्यातले चार गुंठे निव्वळ कातळ. सातबाऱ्यावर नावं सदतीस. निम्मी कैलासवासी, उरलेली मुंबईवासी. वडिलांनी आपला हिस्सा मृत्युपत्राने अण्णांना दिला. धाकट्या भावाचं म्हणणं, सही वडिलांची नव्हेच.

अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण 'निशाणी पाचवर आर्ग्युमेंट झालं' हे वाक्य ते मुलीचं लग्न ठरल्यासारखं सांगतात. दूध तुमच्यामुळे उतू गेलं, असं वहिनी म्हणाल्या की उत्तर येतं, "सदर मजकूर खोटा असून मला मान्य व कबूल नाही." 2005 साली कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मतः हक्क मिळाला. तेव्हापासून भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा ते मनातल्या मनात 'हक्कास बाध न येता' घालत असावेत.

पण अण्णांचं खरं रूप पाहायचं तर साक्षीदाराच्या घरी जावं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते शाबीत करायला त्यांतला निदान एक तरी, हयात असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. अण्णांचा एक साक्षीदार गेला. दुसरा सत्त्याऐंशी वर्षांचा. त्या म्हाताऱ्याला अण्णा जपतात, तसं त्यांनी जन्मदात्यालाही जपलं नव्हतं (हे वहिनींचं मत, भावाच्या कैफियतीतही आहे). पावसाआधी त्याच्या पडवीला झडप बांधून देतात, गोळ्या वेळेवर घेतल्या का ते विचारतात, फणसाचा गरा बिया काढून पुढे करतात. एकदा म्हातारा नुसता खोकला, तर अण्णांनी रात्री दहाला रिक्षा बोलावली. सून म्हणाली, "साधं पडसं आहे हो." अण्णा म्हणाले, "तुमच्यासाठी साधं."

गेल्या तारखेला म्हाताऱ्याला धरून धरून जिना चढवला. साहेब रजेवर होते. शिपायाने पुढची तारीख सांगितली, दिवाळीनंतरची. अण्णांनी ती डायरीत लिहून घेतली, म्हाताऱ्याला चहा पाजला आणि परतताना दवाखान्यात नेऊन बीपी मोजून घेतलं.

एकशे तीस-ऐंशी निघालं. आकडा त्यांनी तारखेच्या खालीच लिहून ठेवला.